‘अब्बा, आपण केव्हा आलो?’ : चौलच्या वाटेवरचा अर्धा दिवस

अलिबागला मेहुण्याच्या घरी लग्न होतं. निकाह संध्याकाळी होता. लग्नघरात सकाळच्या वेळी पाहुण्या पुरुषमाणसाचा उपयोग कमी आणि अडचण जास्त. म्हणून मेहुण्याने आमची सोय लावून दिली. एक गाडी, सोबत एक माहितगार गाईड आणि अर्ध्या दिवसाची सहल. आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा आणि जमलं तर खाडीपलीकडचं कोर्लई. सकाळी सातला निघायचं आणि जुहरच्या आत परत यायचं. गाडीत मी, आठवीत शिकणारी माझी मुलगी, दोन भाचे आणि बायकोचे मामू. मामूंची उमर जहाजावर गेली. खलाशी म्हणून लागले आणि सारंग होऊन निवृत्त झाले.

गाईड पंचविशीतला, उत्साही मुलगा होता. गोड बोलायचा, वाटेतल्या प्रत्येक देवळाची आणि बुरुजाची गोष्ट त्याला पाठ होती. त्याच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या एका वाक्याविषयी, आणि ते वाक्य त्याचं एकट्याचं नाही.

चौलच्या वाड्यांमध्ये एका जुन्या मशिदीचे अवशेष आहेत. जवळच हमामखान्याची पडकी इमारत आहे. तिथे गाडी थांबवून तो म्हणाला, “इथपर्यंत हिंदू काळ. मग मुसलमान आले, आणि चौल संपलं.”

भाचे मोबाइलवर फोटो काढत होते. मामू नारळाच्या सावलीत बसले होते. मुलीने माझ्याकडे बघून अगदी सहज विचारलं, “अब्बा, आपण केव्हा आलो?”

वीस वर्षं मी वर्गात उर्दू आणि मराठी शिकवतोय. पण त्या क्षणी मला उत्तर सुचलं नाही. “घरी गेल्यावर सांगतो,” म्हणून वेळ मारून नेली. हा लेख म्हणजे ते राहिलेलं उत्तर आहे.

दगडावरच्या दोन तारखा

खरं तर उत्तराचा पहिला धागा चौलच्या आधीच, वाटेत लागून गेला होता. अलिबागहून मुरूडच्या रस्त्याला लागलं की आधी आक्षी येतं. तिथला शिलालेख मराठी शिक्षकांना माहीत असतो. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असं त्याचं वाचन अनेक अभ्यासकांनी केलं. काहींना तो नंतरचा वाटतो. शिलाहार राजा केशिदेवाच्या काळातला हा लेख मराठीच्या अगदी सुरुवातीच्या लेखांत गणला जातो. आपली भाषा दगडावर पहिल्यांदा उमटली ती या किनाऱ्यावर, माडा-पोफळींच्या सावलीत, ही गोष्ट मुलीला दाखवताना मला अभिमान वाटला.

आक्षीच्या पुढे नागाव. नागावात सापडलेला एक लेख आहे, हंबीरराव नावाच्या राजाच्या काळातला. भाषा मराठी. पण त्यात काळ दोन पद्धतींनी नोंदवला आहे. शके १२८९ आणि हिजरी ७६९. दोन्हींचा हिशेब इ.स. १३६७-६८ वर येतो. राजा हिंदू, भाषा मराठी, आणि शकाच्या शेजारी हिजरी सन. लेख काही धर्मचर्चेचा नाही, जमीनजुमल्याच्या व्यवहाराचा आहे. व्यवहाराच्या कागदावर माणूस तीच तारीख घालतो, जी वाचणाऱ्याला कळते. म्हणजे या पट्ट्यात हिजरी सन समजणारी माणसं होती, त्यांचा व्यवहारात वाटा होता, आणि मराठी लिहिणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

उर्दू-मराठी शिकवणाऱ्या माणसाला याहून मोठा दाखला कुठला हवा? पण गाडी नागावातून सरळ पुढे गेली. गाईडने समुद्रकिनाऱ्यावरच्या घोडागाडीची आणि वॉटर स्पोर्ट्सची माहिती दिली. मीही काही बोललो नाही.

सैमूरचे दहा हजार

चौलची नावं मोजायला बसलं तर ती एका हाताच्या बोटांत मावत नाहीत. कान्हेरीच्या लेण्यांतल्या दानलेखांत ‘चेमुल’ इथल्या दात्यांचा उल्लेख आहे. ग्रीक लेखकांनी त्याला ‘सेमुल्ला’, ‘सिमुल्ला’ म्हटलं. अरबांनी ‘सैमूर’ म्हटलं. मराठीत ते चेऊल आणि चौल झालं. कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते, त्या खाडीच्या तोंडावरचं हे बंदर दीड हजार वर्षांहून अधिक काळ चालू होतं.

हिजरी ३०४, म्हणजे इ.स. ९१६-१७ मध्ये, बगदादचा प्रवासी आणि इतिहासकार अल-मसूदी इथे आला. त्याचा ‘मुरूजुज्जहब’ हा ग्रंथ प्रसिद्ध आहे. नावाचा अर्थ सोन्याची कुरणं. त्यात त्याने सैमूरचं वर्णन केलं आहे. इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असं तो सांगतो. त्यांत सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे लोक होते. ते येऊन-जाऊन व्यापार करणारे नव्हते. त्यांनी इथे घरं केली होती, लग्नं केली होती. शिवाय ‘बयासिरा’ होते. बयासिरा म्हणजे ज्यांचा जन्मच हिंदुस्थानात मुसलमान घरात झाला ते. इ.स. ९१६ मध्ये चौलात असे मुसलमान होते, जे कुठूनही ‘आले’ नव्हते. ते इथेच जन्मले होते.

त्या वेळी इथला राजा कोण होता? शिलाहार वंशातला झंझ. मसूदी त्याचं नाव देतो. शिलाहारांच्या ताम्रपटांत या झंझाविषयी सांगितलं आहे की, त्याने शिवाची बारा देवळं बांधली. असा शिवभक्त राजा, आणि त्याच्या बंदरात दहा हजार मुसलमान. त्यांचे आपसातले तंटे मिटवायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता. त्या पदाला ‘हुनरमन’ म्हणत. फारसी ‘हुनरमंद’शी त्याचं नातं सांगतात. आपल्या मराठीतला ‘हुन्नर’ त्याच घरचा.

झंझ हा राष्ट्रकूटांचा मांडलिक होता. अरब लोक राष्ट्रकूट सम्राटाला ‘बल्हरा’ म्हणत. हा शब्द ‘वल्लभराज’ या बिरुदावरून आला. मसूदी म्हणतो की, हिंद-सिंधच्या राजांत मुसलमानांना बल्हराइतका मान देणारा दुसरा नाही, आणि त्याच्या राज्यात मशिदी आहेत, तिथे पाच वेळची नमाज होते.

आता तारखा जुळवून पाहा. अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला १२९६ मध्ये. बहमनी सल्तनत स्थापन झाली १३४७ मध्ये. मसूदीने चौलातले मुसलमान पाहिले ते खिलजीच्या आधी जवळपास ३८० वर्षं. दख्खनेत मुसलमान सुलतान येण्याच्या कितीतरी आधी कोकणात मुसलमान शेजारी होता.

आणि हे उदाहरण एकटं नाही. पालघर जिल्ह्यात चिंचणीला राष्ट्रकूटकालीन ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा. त्यानुसार संजाण मंडलाचा कारभार राष्ट्रकूटांनी ‘मधुमती’ नावाच्या माणसाकडे दिला होता. तो ‘ताजिक’ होता, म्हणजे अरब. अभ्यासक सांगतात की, ‘मधुमती’ हे ‘मुहम्मद’चं संस्कृत रूप. या मुहम्मदने लोकांसाठी नदीवर फुकट तर चालवली, अन्नछत्र काढलं, आणि भगवती देवीच्या मठाला दान मिळण्यासाठी राजाची परवानगी घेतली. संस्कृत ताम्रपटात एका अरब अधिकाऱ्याचं नाव देवीच्या मठासोबत कोरलेलं आहे. हे वाचलं तेव्हा मला दोन मिनिटं पुढे वाचवलं नाही.

याचा अर्थ सगळं गोड होतं असा नाही

इथे एक सावधगिरी हवी. इतिहासातून आपल्याला हवं तेवढंच उचलायची खोड इतरांना आहे तशी आपल्यालाही आहे. ‘बघा, आम्हीच पहिले’ अशी फुशारकी मारण्यासाठी मी मसूदीला बोलावलेलं नाही.

मसूदी स्वतः मुसलमान होता आणि त्याचे वाचक बगदादचे होते. बल्हराची तारीफ त्यांना आवडणारी होती. राष्ट्रकूटांच्या उदारपणामागे हिशेबही होता. उत्तरेत त्यांचं वैर गुर्जर-प्रतिहारांशी होतं, त्यामुळे समुद्रापलीकडचे मित्र त्यांना हवे होते. अरबी जहाजांतून घोडे येत, सोनं-चांदी येत. इथून कापड, लाकूड, मसाले जात. बंदरावर जकात जमा होई. जो व्यापारी जकात भरतो त्याला मशीद बांधू देणं राजाला महाग पडत नव्हतं. पण मला तर हेच जास्त भरवशाचं वाटतं. केवळ चांगुलपणावर टिकलेलं सहजीवन एका वाईट राजाबरोबर संपतं. पोटापाण्याच्या व्यवहारात गुंतलेलं सहजीवन राजे बदलले तरी टिकतं.

आजचे कोकणी मुसलमान हे थेट त्या दहा हजारांचे वंशज, असंही मी म्हणणार नाही. हजार वर्षांत माणसं मिसळली, गेली, आली. आणि आमचं म्हणाल तर आम्ही मराठवाड्याचे. समुद्राशी आमचा संबंध लग्नातून आला तेवढाच. आमच्याकडे कुणी पूर्वज सैन्याबरोबर आले असतील, कुणी सूफींच्या खानकाहपाशी आले असतील, आणि बहुसंख्य तर इथलेच शेतकरी, विणकर, कारागीर होते, जे मुसलमान झाले. कुणी आले, कुणी झाले. ‘मुसलमान आले’ या दोन शब्दांत हे सगळं मावत नाही.

मामूंचा शब्दकोश

गाईडचं वाक्य मामूंनीही ऐकलं होतं. ते वाद घालणारे नव्हेत. गाडीत बसल्यावर त्यांनी त्याला एवढंच विचारलं, “पोरा, बोटीच्या मालकाला तुमच्याकडे काय म्हणतात?”

“नाखवा,” तो म्हणाला.

मामू हसले. तिथून रेवदंड्यापर्यंत आमचा तास मामूंनीच घेतला. मी फक्त मधूनमधून शब्दांची मुळं सांगत होतो. नाखवा हा फारसी ‘नाखुदा’, म्हणजे नावेचा धनी. खलाशी अरबीतून. सारंग फारसी ‘सरहंग’वरून. बंदर फारसी. दर्या फारसी, म्हणून दर्यावर्दी. कोळी ज्या मोसमाची वाट पाहतो तो अरबी ‘मौसिम’, आणि इंग्रजांचा मान्सूनही त्याच्यातूनच निघाला. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहणारा कोळी आणि बिस्मिल्ला म्हणून नांगर उचलणारा मामूंसारखा सारंग, दोघंही बोटीवर एकच भाषा बोलतात. ती कुणी तलवारीच्या धाकाने शिकवलेली नाही. एका बोटीत बसलेल्या माणसांना एकमेकांचे शब्द घ्यावेच लागतात, नाहीतर बोट बुडते.

मसूदीनेही भाषेची नोंद केली आहे. सैमूर, सोपारा, ठाणे या बंदरांतली बोली राजधानीच्या भाषेहून वेगळी आहे, असं तो लिहितो. किनाऱ्यावरच्या बोलीला तो ‘लारी’ म्हणतो. परक्या मुलखात येऊन माणसं बोलतात काय, हे कान देऊन ऐकणारा हा प्रवासी मला त्यामुळेच जवळचा वाटतो.

रेवदंड्याची तटबंदी

मग चौल ‘संपलं’ कसं? त्याचं उत्तर रेवदंड्याच्या किल्ल्यात आहे.

या बंदरात कोण नव्हतं? पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफनासी निकितीन एक घोडा विकायला घेऊन इथे उतरला आणि पुढे जुन्नर, बीदरकडे गेला. रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे. बेने इस्रायली, आपले ‘शनिवार तेली’, याच पट्ट्यात गावागावांत घाणे चालवत होते. त्यांचं सिनेगॉग अलिबागेत आहे तसं रेवदंड्यातही आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांना गावाने त्या सुट्टीवरूनच नाव दिलं, इतका साधा तो मामला.

मग पोर्तुगीज आले. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत मोठी लढाई झाली. एका बाजूला पोर्तुगीज, दुसऱ्या बाजूला इजिप्तच्या ममलूक सुलतानाचा सरदार अमीर हुसेन आणि दीवचा मलिक अयाज. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द अल्मेडा इथेच मारला गेला. पण पुढच्याच वर्षी दीवच्या लढाईत पोर्तुगीजांनी बाजू उलटवली. त्यानंतर अरबी समुद्रात त्यांच्या परवान्याशिवाय व्यापारी जहाज फिरणं धोक्याचं झालं. ज्या समुद्रावर शतकानुशतकं जकात भरून कुणीही ये-जा करत होतं, तिथे परवाना आणि तोफ आली.

इथे आपल्यालाही एक कडू गोष्ट मान्य करावी लागते. पोर्तुगीजांना चौलात वखार मिळाली १५१६ मध्ये आणि किल्ला बांधण्याची परवानगी मिळाली १५२१ मध्ये. ती परवानगी दिली अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने. मुसलमान सुलतानाने मुसलमान व्यापाऱ्यांच्या बंदरात त्यांच्या वैऱ्याला जागा दिली, कारण त्याला घोडे आणि महसूल हवा होता. पुढे १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने त्याच किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा विजापूरचा आदिलशहा आणि कालिकतचा हिंदू राजा सामुरी, दोघंही पोर्तुगीजांविरुद्ध त्याच्या बाजूने होते. वेढा अयशस्वी झाला. या साऱ्यात धर्माची रेघ कुठे ओढायची ते मला सांगा. आणि फरिश्ता सांगतो त्याप्रमाणे या निजामशाहीचा मूळ पुरुष पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला. म्हणजे ‘आले’ की ‘झाले’, हा प्रश्न तख्तावर बसलेल्यांनाही लागू होतो.

१७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. त्यानंतरच्या तहात, १७४० मध्ये, चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आलं. तोवर बंदराची रया गेलीच होती. खाडी गाळाने भरत होती, व्यापार सुरतेकडे आणि नंतर मुंबईकडे सरकला होता. चौल गाळाने संपलं, तोफांनी संपलं, मुंबईच्या गोदीने संपलं. मशिदीने संपलं नाही.

आज रेवदंड्याच्या तटबंदीच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. पडक्या चर्चच्या भिंतीला टेकून सुपारी वाळत पडलेली होती. सातखणी बुरुजाचे उरलेले मजले माडांच्या वर डोकं काढून उभे आहेत.

कोर्लईची बोली

वेळ थोडा होता, पण साळाव्याचा पूल ओलांडून आम्ही कोर्लईला गेलोच. टेकडीवरचा किल्ला निजामशाहीचा, तो १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. पायथ्याशी ख्रिस्ती वस्ती आहे. इथली साधारण हजारभर माणसं आजही घरात एक वेगळीच बोली बोलतात. तिला ती ‘नोलिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आपली भाषा’. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण मराठीची. पोर्तुगीज राज्य जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली, तरी ही बोली जगली.

गाईडने हे फार प्रेमाने सांगितलं. “सर, अशी भाषा जगात दुसरीकडे कुठंच नाही,” म्हणाला. त्याच्या आवाजात खरा अभिमान होता. तो ऐकून मला बरं वाटलं आणि थोडं दुखलंही. पगार, चावी, पाव, बटाटा, घमेलं हे शब्द पोर्तुगीजांनी दिले आणि आपण ते आपले केले. ज्यांनी या किनाऱ्यावर तोफा डागल्या, त्यांच्या भाषेचा उरलेला तुकडा आज गावचं कौतुक आहे. तसंच असायला हवं. मग पाच मैलांवरच्या पडक्या मशिदीपाशीच आपला आवाज का बदलतो?

परतताना मी त्याला मसूदीविषयी सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, “सर, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. शाळेतपण नव्हतं.”

मला त्याला दोष देता येईना. कारण ती शाळा माझीही आहे. हिंदुस्थानातल्या मुसलमानांचा धडा मी स्वतः इतकी वर्षं ७१२ च्या मोहम्मद बिन कासिमपासून सुरू करत आलो. उर्दूच्या वर्गातही, मराठीच्या वर्गातही. फळ्यावर तलवारीची तारीख लिहिली, गलबतांची लिहिलीच नाही. मग माझ्या मुलीने ‘आपण केव्हा आलो’ असं विचारलं, तर त्यात नवल काय? तिला तो प्रश्न गाईडच्या आधी मीच शिकवला होता.

जुहरची अजान झाली तेव्हा आम्ही अलिबागेत पोचलो होतो. रात्री निकाह उरकल्यावर, बिर्याणीच्या देगी रिकाम्या झाल्यावर, मी मुलीला जवळ बसवलं आणि कागदावर एकाखाली एक दोन तारखा लिहून दिल्या. शके १२८९. हिजरी ७६९. म्हटलं, “बेटा, हे आपल्या मराठीत दगडावर लिहिलेलं आहे. ज्या गावात लिहिलंय, तिथून आज सकाळी आपण न थांबता पुढे गेलो.”

तिने कागद बघितला आणि म्हणाली, “मग पुढच्या वेळी थांबू.”